शिंपल्याची चिठ्ठी



माझ्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी थबकतो आणि हमखास एकच प्रश्न विचारतो : "भाऊ, वरणगावात समुद्र कुठून आणला?" प्रश्न रास्त आहे. आमचं वरणगाव जळगाव जिल्ह्यातलं, भुसावळच्या पलीकडचं. इकडे केळी, कापूस आणि उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मुंबईचा समुद्र गाठायचा तर भुसावळला गाडीत बसून रात्र काढावी लागते. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चोविसाव्या वर्षी. अशा माणसानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं शंख-शिंपले गोळा करावेत, ही गंमतच म्हणायची.

माझी आई तर शेवटपर्यंत म्हणायची, "कायले आनतो रे भाऊ हे हाडकं घरात?" आई शाळेत गेलेली नव्हती, पण शिंपला म्हणजे एका मऊ जिवाचं बाहेर असलेलं हाडच, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मला ते समजायला फार वर्षं लागली. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आता खरं सांगायचं तर आईच्या घरात मी आणण्याआधीच समुद्र होता. देव्हाऱ्यात शंख होता. शेजारी वडिलोपार्जित शाळिग्राम होता. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा दगड झालेला ठसा. तो नेपाळात गंडकी नदीत सापडतो. हिमालय आहे तिथे कधीकाळी समुद्र होता, त्या समुद्राचा तो पुरावा. आम्ही त्यावर रोज तुळशीपत्र वाहत होतो. पोळ्याला बैलांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा पडायच्या. तांड्यावरच्या बंजारा बाया बाजाराला यायच्या, त्यांच्या ओढणीला आणि डोक्यावरच्या चुंबळीला कवड्या शिवलेल्या असायच्या. तुळजापूरहून परतलेल्या माणसाच्या गळ्यात कवड्यांची माळ असायची. आणि त्या 'फुटक्या कवडी'ची गोष्ट तर आमच्या बोलण्यातच रुजलेली. कवडी एके काळी खरोखरच चलन होती. मालदीव बेटांवरून ती जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायची. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिकडे राहून आला होता. त्यानं लिहून ठेवलं आहे की, तिथले लोक समुद्रातून हे प्राणी काढतात, खड्ड्यात ठेवतात, आतलं मांस नाहीसं होतं आणि पांढरी कवडी उरते. हे वाक्य मी पुष्कळ वर्षांपूर्वी वाचलं होतं. पण वाचलं म्हणजे कळलं असं नसतं.

आमच्या घरात आणखी एक शिंपला होता, तो देव्हाऱ्यात नव्हता, चुलीपाशी होता. तापीतला. हाताच्या तळव्याएवढा, बाहेरून काळसर मातकट आणि आतून मोत्यासारखा. आजी त्यानं दुधाच्या पातेल्याची खरवड काढायची आणि ती आम्हा मुलांना वाटून द्यायची. माझ्या संग्रहातली सगळ्यात जुनी वस्तू तीच. तिची कड आजीच्या हातानं एका बाजूला झिजली आहे. पण त्या काळी ती माझ्या कपाटात नव्हती. नदीतला शिंपला तो काय ठेवायचा, असं मला वाटे.

संग्रह सुरू झाला तो आयुध निर्माणीमुळे. आमच्या वरणगावची आयुध निर्माणी १९६४ साली सुरू झाली. तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. २०२१ साली देशातल्या सगळ्या निर्माण्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आमची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. मी १९७४ साली तपासणी विभागात लागलो. हातात गेज आणि व्हर्निअर. एक काडतूस दुसऱ्यासारखंच असलं पाहिजे, केसभर फरक पडला तर बाजूला काढायचं, हे माझं काम. आणि निर्माणीच्या वसाहतीत कोण नव्हतं? बंगाली, ओडिया, तमिळ, मल्याळी, आंध्रवाले. रजेवर गावी जायचे आणि येताना शेजाऱ्यांना काहीतरी आणायचे. १९७६ साली एक बंगाली दादा दिघ्याहून माझ्यासाठी मूठभर शिंपले घेऊन आले. मी सहज व्हर्निअर लावला आणि चकित झालो. एकाच जातीचे, एकाच किनाऱ्यावरचे शिंपले, पण दोन सारखे नव्हते! दिवसभर सारखेपणा तपासणाऱ्या माणसाला या वेगळेपणाची भूल पडली नसती तरच नवल.

मग वसाहतीत बातमी पसरली की, याला शंख आवडतात. पुरी, कन्याकुमारी, रामेश्वरम्, विशाखापट्टणम्, कोल्लम. जो जाईल तो माझ्यासाठी काहीतरी आणी. पैसे कोणी घेत नसे. वाघासारखे ठिपके असलेली मोठी कवडी, काट्यांचा म्युरेक्स, बोटं फुटलेला कोळी शंख, सोनेरी किनारीचे शंकू. एक मल्याळी सुपरवायझर गमतीनं म्हणायचे, "तुमचं बरं आहे, दिवसा पण शेल, संध्याकाळी पण शेल." इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्याची ही कोटी. गणेशोत्सवात आम्ही वसाहतीच्या मंडपात प्रदर्शन लावलं. निळा कापड अंथरला, त्यावर वाळू, वाळूवर शंख, वरून पिवळे बल्ब. मुलं कानाला शंख लावून समुद्राचा आवाज ऐकायची. तो आवाज समुद्राचा नसतो. आपल्याच आसपासचा आवाज शंखाच्या पोकळीत घुमतो. पण ते मुलांना सांगून मी त्यांचा आनंद कशाला घालवू?

१९८४ साली आमच्या तपासणी विभागातले तमिळ अण्णा रामनाथपुरम्‌कडच्या त्यांच्या गावाहून आले. टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. नॉटिलस! पांढऱ्यावर तांबूस पट्टे, वीतभर रुंद, आणि एका कडेला थोडा तुटलेला, त्यातून आतले मोत्यासारखे कप्पे दिसत होते. नॉटिलस जसा वाढतो तसा तो मागचा कप्पा बंद करून पुढच्यात राहायला जातो. मागच्या कप्प्यांतला वायू आणि पाणी कमी-जास्त करून खोल समुद्रात वर-खाली होतो. पाणबुडीचं तंत्र. अण्णा म्हणाले, "ठेव तू. माझ्या घरी ठेवायला जागा नाही." त्यांच्या घरी जागा नव्हती हे खोटं होतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

तो नॉटिलस कपाटाच्या मधल्या फळीवर बसला. पाहुण्यांना मी सगळ्यात शेवटी तो दाखवायचो.

आता थोडं कपाटाबद्दल. ज्यांना संग्रह करायचा आहे त्यांनी हे जरूर ऐकावं, कारण मी इथे सपशेल फसलो. १९८९ साली मी हौसेनं नवं कपाट करून घेतलं. प्लायवूडचं, आतून मखमल, समोर घट्ट बसणारी काच. धूळ जाऊ नये म्हणून फटीसुद्धा बुजवल्या. दोन उन्हाळे गेले. एके दिवशी काच सरकवली तर आंबूस वास आला. पाहतो तर चकचकीत कवड्यांवर पांढरी भुकटी! वाटलं, बुरशी आली. पुसली, पुन्हा आली. आणि जिथे भुकटी होती तिथली चकाकी कायमची गेलेली.

पुढे कळलं की, या दुखण्याला बाईनचा रोग म्हणतात. बाईन नावाच्या इंग्रज संग्राहकानं १८९९ साली त्याबद्दल लिहिलं. त्याला वाटलं हे जंतूंचं काम आहे. पण जंतूंचा काही संबंध नाही. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, काही प्रकारचे गोंद यांतून आम्लाची वाफ निघत राहते. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुनखडीचाच भाऊ. आम्ल लागलं की तो खायला लागतो आणि वर क्षारांची भुकटी जमते. बंद कपाटात वाफ कोंडते आणि उष्णता असली की जास्तच निघते. आमच्या खानदेशातलं ऊन आणि माझं हवाबंद प्लायवूड, म्हणजे मी शिंपल्यांसाठी भट्टीच लावली होती. तेव्हा काच आणि लोखंडी पत्रा बरा, चांगल्या प्रतीचे प्लास्टिकचे डबे बरे. थोडी हवा खेळू द्यावी. उन्हात मांडू नये, रंग उडतात. चमक यावी म्हणून वॉर्निश तर मुळीच लावू नये, आणि आम्लात बुडवून स्वच्छ करायचा उद्योगही करू नये. साधं पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरतो.

त्या कपाटानं माझ्या एकवीस कवड्या खाल्ल्या. पण त्याहून मोठी गोष्ट कळायची होती ती १९९९ साली, मालवणला.

आम्ही कुटुंबासह कोकणात गेलो होतो. मी पहाटे किनाऱ्यावर. भरती ओसरलेली. वाळूत कवडी सापडली, माझी स्वतः वेचलेली पहिली! पण ती कशी होती? फिकी, घासलेली, पाठीला भोक पडलेलं. माझ्या खिशात दुकानातून आलेली त्याच आकाराची कवडी होती, काचेसारखी चकाकणारी. मी दोन्ही तळहातावर ठेवून बघत होतो. जवळच मासे निवडत बसलेल्या एक म्हातारी बाई माझा खेळ पाहत होत्या. त्यांनी दोन्ही कवड्या हातात घेतल्या. चकाकणारी परत देत म्हणाल्या, "ही व्हावान इलली न्हय, झिला. ही जित्ती काढलली."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं. कवडी जिवंत असते तेव्हा तो प्राणी आपलं मऊ अंग बाहेर काढून शिंपल्याला वरून पांघरूण घालतो. म्हणून ती घासली जात नाही, म्हणून चकाकते. प्राणी मेला की पांघरूण गेलं. मग लाटा आणि वाळू तिला घासून फिकी करतात. म्हणजे दुकानातली जेवढी चकाकणारी कवडी, तेवढी ती जिवंत असताना उचललेली. शंकू, कोळी शंख यांचंही थोड्याफार फरकानं तेच.

मी व्हर्निअरचा माणूस. मालाची प्रत चकाकीवरून ठरवत आलेलो. माझ्या कपाटातली प्रत्येक 'अव्वल दर्जाची' वस्तू म्हणजे मारलेला जीव होता. आईचं 'हाडकं' मला तिथे वाळूत आठवलं. वहीतल्या नोंदींमध्ये मी त्यांच्यापुढे तारा काढून ठेवल्या होत्या, उत्तम, अतिउत्तम. इब्न बतूताचा खड्डा आता कळला.

मग वाचायला लागलो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९९८ साली दीपक आपटे यांचं भारतीय शिंपल्यांवरचं पुस्तक काढलं होतं, ते मागवलं. आणि एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००२ साली माझं कपाट पाहिलं, फळीफळीवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "भाऊ, यातल्या काही वस्तू आता कायद्यानं घरात ठेवता येत नाहीत." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रातले कितीतरी जीव घातले गेले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रघोडे आले, समुद्रकाकड्या आल्या, पोवळी आली. शंखांपैकी शिंगांचा मोठा हेल्मेट शंख, ट्रायटन, महाशिंपल्याच्या जाती आल्या. आणि नॉटिलस. २०२२ साली या अनुसूची पुन्हा नव्यानं मांडल्या गेल्या. म्हणून कोणी काही विकत घेण्याआधी ताजी यादी पाहावी, हे बरं.

पण त्यांची नजर अडली ती कपाटावर नाही, दारावर. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला काचेच्या चौकटीत एक काळं जाळीदार झाड लावलेलं होतं. इंद्रजाल! तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. जत्रेत विकायला येतं. विकणारा सांगतो, ही जंगलातली दुर्मीळ वेल आहे, घरात लावा, नजर लागत नाही, भरभराट होते. मी १९९५ च्या सुमारास एका जत्रेत घेतलं. नुसतं घेतलं नाही, तीन मित्रांना घ्यायला लावलं. आणि मी शंख-शिंपल्यांचा जाणकार! मला एवढं कळू नये की ही वेल नाही?

इंद्रजाल म्हणजे सी-फॅन नावाचं समुद्री पंख्याचं पोवळं, नाहीतर काळं पोवळं. ते झाड नाही, हजारो बारीक जिवांची वसाहत आहे. पंखा करून प्रवाहाला आडवे उभे राहतात आणि वाहत आलेलं अन्न टिपतात. समुद्राबाहेर काढलं की वरची जिवंत साल सुकून गळते आणि काळा सांगाडा उरतो. तो आम्ही फ्रेम करून लावतो. वाढ इतकी मंद की, खोल समुद्रातल्या काही काळ्या पोवळ्यांचं वय चार हजार वर्षांहून जास्त निघालं आहे. माझं त्यातलं नसेलही. पण कोणत्या समुद्रातून, कोणी, कधी तोडलं, हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं.

श्रोतेहो, इंद्रजाल देऊन टाकायला मला काही वाटलं नाही. सौ.ला थोडी धाकधूक होती. देवाधर्माची वस्तू, दारावरून काढली आणि काही झालं तर? मी म्हटलं, हे शास्त्रपुराणातलं नाही, जत्रेतलं आहे. खिळा मात्र तिनं काढू दिला नाही. तिथे आता कॅलेंडर आहे.

खरा प्रश्न होता अण्णांच्या नॉटिलसचा. अण्णा १९९८ साली निवृत्त होऊन गावी गेले आणि दोन वर्षांत वारले. त्यांची आठवण म्हणून माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मन पळवाटा काढायला लागलं. नॉटिलस मेला की त्याच्या कप्प्यांतल्या हवेमुळे रिकामा शंख तरंगतो आणि शेकडो मैल वाहत जातो, हे मी वाचलं होतं. जिवंत नॉटिलस राहतो तो फिलिपीन्स-इंडोनेशियाकडच्या खोल पाण्यात; पण त्याचे रिकामे शंख दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. म्हणजे अण्णांना तो वाळूत सापडला असेल. कड तुटलेली होती, ती लाटांनीच तुटली असेल. कोणी मारला नसेल. पण रामेश्वरम्‌ला दुकानं आहेत, आणि दुकानात नॉटिलस असत, हेही मला माहीत होतं. वाहून आलेला की विकत घेतलेला? एक प्रश्न विचारला असता तर अण्णांनी सांगितलं असतं. चौदा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. मी त्यांना सांबारात काय घालता हे विचारलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा खर्च विचारला. हे विचारलं नाही.

आणि तसंही कायद्याला त्यानं फरक पडत नव्हता. वाहून आलेला असो की मारलेला, शंख तोच. असं का, तर एकदा का 'हा वाहून आलेला' म्हणून विकायची सोय ठेवली की, सगळेच वाहून आलेले होतात. नॉटिलसला वयात यायला बारा-पंधरा वर्षं लागतात आणि अंडी अगदी मोजकी. शोभेसाठी तो इतका काढला गेला की, २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

२००३ च्या उन्हाळ्यात मी खोक्यात पाच वस्तू भरल्या : इंद्रजाल, दोन हेल्मेट शंख, एक वाळवलेला समुद्रघोडा आणि नॉटिलस. वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिल्या. सोबत अर्ज, कुठून आल्या, कधीपासून आहेत. तिथल्या लिपिकानं विचारलं, "काका, स्वतःहून आणलं? कोणी तक्रार केली का?" म्हटलं, नाही. त्यानं कागदावर एकेक वस्तू लिहिली. नॉटिलसपाशी आला तेव्हा म्हणाला, "याचं मूळ ठिकाण?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं तसं लिहिलं. तो टॉवेल मी परत आणला. अजून आहे.

त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या लिहायला लागलो. पूर्वी माझ्या कपाटात फक्त नावं असायची, तीही अर्धी चुकीची. आता प्रत्येक शिंपल्याखाली चिठ्ठी : किनारा कोणता, तारीख काय, कोणी वेचला, कसा मिळाला. आणि एक रकाना : वाहून आलेला की कसं. ज्यांचं मूळ मला ठाऊक नाही तिथे 'दुकानातून, माहीत नाही' असं स्पष्ट लिहिलं. तसल्या चिठ्ठ्या शंभराच्या वर निघाल्या. ते शंख आता वेगळ्या डब्यात आहेत. शाळेतल्या मुलांना हाताळायला देतो. फुटले तर फुटले.

लोक मात्र माझ्याकडे वेगळ्याच कामासाठी येतात. दक्षिणावर्ती शंख तपासून द्या! नेहमीच्या शंखाचं तोंड ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूला याचं उघडतं. आपल्या पूजेच्या शंखाच्या जातीत असा उलटा निपजणं अत्यंत दुर्मीळ, म्हणून त्याला मोल. मात्र अमेरिकेच्या किनाऱ्यावर लायटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख आहे, तो मुळातच उलटा! तिकडे त्यात नवल काही नाही. तोच इकडे आणून घासूनपुसून दक्षिणावर्ती म्हणून हजारो रुपयांना विकतात. ओळखायची खूण सांगतो. आपल्या खऱ्या शंखाच्या तोंडात आत डोकावलं की मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक घड्या दिसतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. त्या व्हेल्कच्या दांड्यावर तशा घड्या नसतात. शिवाय तो वजनाला हलका आणि खालचं टोक लांब. आजवर माझ्याकडे अकरा दक्षिणावर्ती आले, अकराही अमेरिकन. एका शेजाऱ्यांनी तर अकरा हजार मोजले होते. मी सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "असू द्या. इतकी वर्षं पूजा झाली, आता तो आमचाच." मी पुढे काही बोललो नाही. त्याची चिठ्ठी मात्र लिहून दिली, ती त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे.

आता माझ्या कपाटात काय आहे? दिसायला फारसं काही नाही. पत्र्याचं कपाट आहे, वरच्या दोन फळ्यांवर दिवेआगर, मुरुड, रत्नागिरी, देवबाग इथले मी किंवा मुलांनी वेचलेले घासलेले, तुटके शिंपले. किनाऱ्यावर वेचताना आम्ही एक पथ्य पाळतो. शंख उचलला की आत बघायचं. पाय आत ओढून घेतलेला संन्यासी खेकडा असला तर जिथून उचलला तिथेच ठेवायचा. त्याला राहायला दुसऱ्याचा रिकामा शंखच लागतो, आणि त्या घरांची तिथेही टंचाई असते. आणि शंकूच्या आकाराचा जिवंत शंख दिसला तर हात लावायचा नाही, त्याचा दंश विषारी असतो. एका किनाऱ्यावरून एका मुठीत मावतील तेवढेच घ्यायचे. मूठ माझी नाही, नातीची.

मधल्या फळीवर नॉटिलसची जागा रिकामी आहे. तिथे फक्त चिठ्ठी : 'नॉटिलस. १९८४ ते २००३. अण्णांकडून. मूळ ठिकाण विचारायचं राहिलं.' पाहुणे सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबतात.

आणि खालच्या फळीवर तापी आहे. आजीचा खरवडीचा शिंपला. हतनूरच्या जलाशयाच्या काठचे, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर मिळालेले. नदीतल्या शिंपल्याला मी इतकी वर्षं किंमत दिली नाही, याचं आता हसू येतं. आपली तापी पश्चिमेला वाहते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. म्हणजे वरणगावचा समुद्राशी संबंध नाही असं कोण म्हणेल? तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ च्या सुमारास बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा शंखाच्या बांगड्या निघाल्या. माझ्याआधीही खानदेशात कोणाला तरी दूरच्या समुद्राची वस्तू मिरवाविशी वाटत होती. त्या बांगडीचा शंखही कोणी तरी जिवंत काढला असणार, हे आता मनात आल्याशिवाय राहत नाही.

गेल्या मे महिन्यात गल्लीतला एक मुलगा मामाकडे सुरतेला गेला होता. आल्याबरोबर धावत माझ्याकडे आला. खिशातून एक पांढरा, झिजलेला, अर्धा शिंपला काढला. त्याला सुबक गोल भोक होतं. "आजोबा, याला भोक कोणी पाडलं?" मी सांगितलं की, एक मांसाहारी शंख असतो, तो शिंपल्यावर बसून कानशीच्या जिभेनं असं गोल भोक पाडतो आणि आतला जीव खातो. त्याला फार आनंद झाला. मग मी चिठ्ठी काढली, पेन त्याच्याच हातात दिलं आणि विचारत गेलो. कुठे मिळाला? डुमसच्या किनाऱ्यावर. कोणी वेचला? मीच. तारीख? ती त्याला आठवेना. आईला विचारायला पळाला, आणि तारीख घेऊनच परत आला. तो शिंपला आम्ही हतनूरच्या शिंपल्याशेजारी ठेवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)